गावभागातला कन्नड वर्ग: पट्ट्या जोडून शब्द घडवण्याचे बारा आठवडे

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात मी वीस वर्षे दिवाणजी आहे, आणि या वीस वर्षांत कन्नड कानावर पडली नाही असा एकही सौद्याचा दिवस गेलेला नाही. अथणी, रायबाग, जमखंडी, मुधोळ या भागांतून हळद आमच्याकडे येते, आणि मिरजेपुढे म्हैसाळ ओलांडून कागवाड लागले की कर्नाटकच सुरू होते. तरीही ‘बर्रि’, ‘कुंद्रि’, ‘एष्टु’ अशा दहा-वीस शब्दांपलीकडे माझी मजल गेली नव्हती, कारण मी प्रत्येक शब्द एक अखंड वस्तू म्हणून पाठ करत होतो. या वर्षी गावभागातल्या एका जुन्या वाड्याच्या माडीवर भरणाऱ्या संध्याकाळच्या कन्नड वर्गाला मी नाव घातले. बारा आठवडे, आठवड्याला दोन दिवस, दीड-दीड तास, शुल्क २,४०० रुपये. हा अभिप्राय त्या वर्गाविषयी आहे. पाचपैकी मी त्याला चार गुण देईन, आणि कापलेला एक गुण कशासाठी तेही पुढे सविस्तर लिहितो.

वर्गात आम्ही चौदाजण होतो. मिरजेच्या एका रुग्णालयात परिचारिका असलेल्या दोन ताई, बँकेतले एक गृहस्थ, जत तालुक्यात बदली झालेल्या एक प्राथमिक शिक्षिका, महाविद्यालयातली काही मुले आणि आम्ही व्यापारपेठेतले तिघे. शिकवणाऱ्या बाई मूळच्या धारवाडकडच्या, लग्नानंतर सांगलीत स्थायिक झालेल्या. पहिल्या दिवशी त्यांनी वर्णमाला शिकवली नाही, की नमस्कार-चमत्काराची वाक्येही दिली नाहीत. त्यांनी प्रत्येकापुढे कागदी पट्ट्यांचा एक गठ्ठा ठेवला. या पट्ट्या जुन्या लग्नपत्रिका कापून केलेल्या होत्या. उलट्या केल्या की कुठे अर्धा गणपती दिसत होता, कुठे मुहूर्ताची वेळ. पुढच्या कोऱ्या बाजूवर जाड शाईने एकेक तुकडा लिहिलेला होता: मूळ शब्दाचे तुकडे काळ्या शाईत, अनेकवचनाचा हिरव्या, विभक्तीचे लाल, क्रियापदाच्या काळाचे निळ्या.

‘मने’ म्हणजे घर. त्याला हिरवी ‘गळु’ ही पट्टी लावली की ‘मनेगळु’, म्हणजे घरे. त्यापुढे ‘अल्लि’ ही लाल पट्टी लावली की ‘मनेगळल्लि’, म्हणजे घरांमध्ये. तिच्या जागी ‘इंद’ ठेवली की ‘मनेगळिंद’, घरांपासून. ‘अल्लि’पुढे ‘ऊ’ जोडून ‘मनेगळल्लू’ म्हटले की घरांमध्येसुद्धा. मधली हिरवी पट्टी उचलून घेतली की उरते ‘मनेयल्लि’, घरामध्ये; इथे दोन स्वर एकमेकांवर आदळू नयेत म्हणून बाईंनी ‘य’ लिहिलेली एक बोटभर रुंदीची चिंचोळी पट्टी मध्ये सरकवली आणि तिला ‘सांधा’ असे नाव दिले. अर्ध्या तासात मेजावर घराची आठ रूपे मांडून झाली होती. मग त्यांनी ‘मर’, म्हणजे झाड, ही पट्टी दिली आणि ‘झाडांपासून’ हा शब्द कुणाकडूनही न ऐकता मांडायला सांगितला. चौदाच्या चौदाजणांनी ‘मरगळिंद’ बरोबर मांडला. कधीही न ऐकलेला शब्द पहिल्याच दिवशी स्वतःच्या हाताने तयार होतो आणि तो बरोबरच असतो, हा अनुभव मला तरी याआधी कोणत्याही भाषेने दिला नव्हता.

अशा रीतीने शब्द घडवणाऱ्या भाषांना भाषाशास्त्रात ॲग्लुटिनेटिव्ह म्हणतात. लॅटिनमध्ये ‘ग्लूटेन’ म्हणजे सरस किंवा डिंक, आणि गव्हाच्या पिठातल्या चिकट घटकालाही त्याच शब्दावरून नाव मिळाले आहे. तेव्हा मराठीत या भाषांना चिकटवघडणीच्या भाषा म्हणायला हरकत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात विल्हेल्म फॉन हुम्बोल्ट या जर्मन पंडिताच्या लेखनातून ही संज्ञा रूढ झाली. तिचा अर्थ नेमका असा की शब्दाचे तुकडे एकापुढे एक ओळीने चिकटतात, प्रत्येक तुकड्याचा अर्थ वेगळा ओळखता येतो, आणि चिकटल्यानंतरही ते तुकडे आपला आकार फारसा बदलत नाहीत. शब्दाची प्रकृती आणि प्रत्यय अशी फोड करण्याची सवय आपल्याकडे फार जुनी आहे. पाणिनीच्या सुमारे ४,००० सूत्रांचा मोठा भाग याच कामाला वाहिलेला आहे, आणि तेराव्या शतकात केशिराजाने कन्नडचे व्याकरण लिहिताना तोच मार्ग धरला. बाईंनी त्या विद्येला लग्नपत्रिकांच्या पाठकोऱ्या बाजूवर उतरवले, आणि मेजावर हात चालवत शिकण्याची सोय केली, हे या वर्गाचे खरे मोल आहे.

माझ्या दृष्टीने सर्वांत मौल्यवान आठवडा सातवा होता, आणि त्यात कन्नडपेक्षा मराठीच अधिक होती. बाईंनी फळ्यावर ‘घरातल्यांनासुद्धा’ हा शब्द लिहिला आणि त्याच्या पट्ट्या करायला सांगितल्या. घर, घरा, घरात, घरातला, घरातल्या, घरातल्यां, घरातल्यांना, घरातल्यांनासुद्धा. शब्द लांबीला कन्नडपेक्षा कमी नाही, तुकडेही भरपूर आहेत, पण कात्री कुठे चालवायची याचा निर्णय होईना. ‘घर’चे ‘घरा’ झाले, त्यातल्या ‘आ’ला स्वतःचा अर्थ कोणता? तो केवळ पुढच्या प्रत्ययासाठी शब्दाला तयार करतो. त्याला आपण सामान्यरूप म्हणतो. मग ‘मुलाला’ आणि ‘मुलांना’ ही जोडी घ्या. अनेकवचन अनुस्वारानेही सांगितले आहे आणि ‘ला’च्या जागी आलेल्या ‘ना’नेही, म्हणजे एकच गोष्ट दोन ठिकाणी. शाळेत आपण ‘स, ला, ते, स, ला, ना, ते’ असे घोकले ते यासाठीच, की आपल्या विभक्तीला एकवचनाचे आणि अनेकवचनाचे वेगळे खाते ठेवावे लागते. कन्नडमध्ये ‘अल्लि’ आणि ‘इंद’ एका घरालाही लागतात आणि शंभर घरांनाही. संख्या सांगण्याचे काम एकट्या ‘गळु’चे.

त्याहून मोठा फरक मूळ शब्दात दिसतो. मराठीत ‘पाऊस’ प्रत्ययासमोर आला की ‘पावसात’ होतो, ‘माणूस’चा ‘माणसाला’ होतो, आमच्या पेठेतला ‘गूळ’ ‘गुळाचा’ होताना आखूड होतो. ‘मुलगा, मुलगी, मुलगे’ यांत तर शेवटचा एकच स्वर लिंग आणि वचन दोन्ही वाहतो, आणि त्यातले लिंग कुठे संपते व वचन कुठे सुरू होते हे कुणालाही दाखवता येणार नाही. अशा एकजीव झालेल्या घडणीला चिकटवघडण म्हणत नाहीत. मराठी ही आर्यकुळातली भाषा असून तिच्या पोटात अशी मुरलेली रूपे आहेत, आणि त्यांच्यावर ‘मध्ये’, ‘मुळे’, ‘साठी’, ‘सुद्धा’, ‘च’ अशा सुट्या निघणाऱ्या तुकड्यांचा थर आहे. ‘बसवल्यामुळेच’ हा शब्द मी रोज लिहितो. बस, व, ल्या, मुळे, च असे त्याचे तुकडे मी आयुष्यात प्रथम त्या दिवशी मोजले. अक्का, अण्णा आणि अडकित्ता हे शब्द कन्नडकडून आले, हे आपल्याकडे सांगितले जाते. ‘अडिके’ म्हणजे सुपारी, हे त्या भाषेत ऐकले की अडकित्ता आपोआप उलगडतो. पण शेजारी भाषांनी एकमेकींच्या घडणीकडे असे समोरासमोर ठेवून पाहणे मी इथेच पाहिले, आणि सांगलीसारख्या सीमेवरच्या गावात ते फार आधीच व्हायला हवे होते असे मला मनापासून वाटते.

आता उणिवांकडे वळतो.

पहिली उणीव शिकवण्यातली आहे. ‘एक पट्टी, एक अर्थ’ हे सूत्र बाईंनी पहिल्या आठवड्यात दिले आणि क्रियापदे सुरू झाल्यावरही ते तसेच ठेवले. ते पूर्णपणे खरे नाही. ‘माडु’ म्हणजे करणे. ‘माडुत्ताने’ म्हणजे तो करतो, ‘माडुत्ताळे’ म्हणजे ती करते, ‘माडुत्तारे’ म्हणजे ते किंवा त्या करतात. यात ‘उत्त’ हा चालू काळाचा तुकडा वेगळा काढता येतो, पण ‘आने’ हा एकच तुकडा तृतीय पुरुष, एकवचन आणि पुल्लिंग अशा तीन गोष्टी एकदम सांगतो. नामांतही तेच. ‘मने’ला चतुर्थीसाठी ‘गे’ लागते आणि ‘मनेगे’ होते, पण ‘मर’चे ‘मरक्के’ होते. म्हणजे एकाच अर्थाच्या दोन पट्ट्या आहेत, आणि कोणती लावायची ते मूळ शब्द ठरवतो. ‘मर’ आणि ‘अल्लि’ यांच्यामध्ये ‘द’ येऊन ‘मरदल्लि’ होते, तेही सांध्याच्या पट्टीनेच समजावून घ्यावे लागते. महाविद्यालयातल्या एका मुलीने हे विचारले, तेव्हा बाईंनी ते मोकळेपणाने मान्य केले आणि पुढच्या तासाला एक चांगली मांडणी आणली. एका शब्दात किती तुकडे आहेत हा एक प्रश्न, आणि ते तुकडे किती स्वच्छ सुटे होतात हा दुसरा प्रश्न, आणि दोन्ही वेगळे मोजावेत, असे भाषाशास्त्रज्ञ एडवर्ड सपीर यांनी १९२१ साली मांडले होते. या दोन मापांनी मोजले की कन्नड दुसऱ्या मापात वरच्या टोकाजवळ बसते, अगदी टोकावर मात्र नाही. हे पहिल्याच आठवड्यात सांगितले असते तर ‘आने’च्या वेळी अर्धा वर्ग गोंधळला नसता.

त्याच तासाला बाईंनी आणखी एक गोष्ट स्पष्ट केली, आणि त्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. एकोणिसाव्या शतकात ऑगुस्ट श्लायखर यांच्यासारख्या अभ्यासकांनी भाषांची एक चढण मांडली होती: आधी सुट्या शब्दांच्या भाषा, मग चिकटवघडणीच्या, आणि शेवटी संस्कृत-ग्रीकसारख्या मुरलेल्या रूपांच्या. ती चढण आता भाषाशास्त्र मानत नाही, कारण भाषा दोन्ही दिशांनी बदलतात. आपल्याकडे अजूनही ‘कन्नड म्हणजे नुसती शेपटे जोडलेली भाषा’ असे सहज बोलले जाते. ते बोलणाऱ्याने एकदा ‘माडिसिदिरा’ची, म्हणजे ‘तुम्ही करून घेतले का’ या एका शब्दाची, फोड करून पाहावी.

दुसरी उणीव छापील पुस्तिकेची आहे आणि ती मला अधिक गंभीर वाटते. पुस्तिका पूर्ण देवनागरीत आहे, आणि कन्नड लिपी शेवटच्या दोन आठवड्यांत घाईघाईने उरकली जाते. कन्नडमध्ये ए आणि ओ हे स्वर ऱ्हस्वही असतात आणि दीर्घही, आणि त्यावर अर्थ ठरतो. पहिला ए ऱ्हस्व ठेवून ‘बेळे’ म्हटले की शेतातले पीक, आणि तोच दीर्घ केला की डाळ. ‘कोडु’तला ओ ऱ्हस्व असेल तर दे, दीर्घ असेल तर शिंग. पुस्तिकेत दोन्ही जोड्या एकसारख्या छापल्या आहेत. धान्यबाजारात काम करणाऱ्या माणसाला पीक आणि डाळ एकाच अक्षरांत वाचायला देणे ही छोटी चूक नव्हे. देवनागरीत ऱ्हस्व एकाराचे आणि ओकाराचे वेगळे चिन्ह संगणकावर सहज उमटते. ते वापरता आले असते. चिकटवघडणीच्या भाषेत तर ही काळजी दुप्पट घ्यायला हवी, कारण मूळ पट्टी चुकली की तिच्यापुढे जोडलेल्या चार पट्ट्या बरोबर असूनही सगळा शब्द चुकतो.

आठव्या आठवड्यात जगातल्या इतर चिकटवघडणीच्या भाषांची ओळख होती. एका तासात पाच भाषा बसवल्यामुळे तो तास धावता झाला, तरी त्यातली दोन-तीन उदाहरणे माझ्या मनात ठसली आहेत. तुर्कीत घराला ‘एव्’ म्हणतात. ‘एव्लेर्’ म्हणजे घरे, ‘एव्लेरिम्’ म्हणजे माझी घरे, ‘एव्लेरिम्दे’ म्हणजे माझ्या घरांमध्ये. फिनिशमध्ये घर म्हणजे ‘तालो’, आणि माझ्या घरांमध्ये म्हणजे ‘तालोइस्सानि’. दोन्हीकडे चारच तुकडे, अर्थही तेच, पण तुर्कीत ‘माझ्या’ आधी येतो आणि ‘मध्ये’ नंतर, तर फिनिशमध्ये ‘मध्ये’ आधी आणि ‘माझ्या’ नंतर. म्हणजे तुकड्यांचा क्रम प्रत्येक भाषेने आपापला ठरवलेला असतो आणि तो मोडता येत नाही. तुर्कीत तुकडा आपला स्वरही मूळ शब्दाशी जुळवून घेतो: घराचे ‘एव्लेर्’, पण घोड्याचे, म्हणजे ‘आत्’चे, ‘आत्लार्’. जपानीत ‘ताबेरु’ म्हणजे खाणे, आणि ‘ताबेसासेरारेनाकात्ता’ म्हणजे ‘खायला भाग पाडले गेले नाही’. खाणे, भाग पाडणे, पाडले जाणे, नकार आणि भूतकाळ असे पाच तुकडे त्यात ओळीने उभे आहेत.

स्वाहिलीचे उदाहरण सर्वांत सुंदर होते. त्या भाषेत बरेच तुकडे पुढून लागतात: ‘सोमा’ म्हणजे वाचणे, ‘निलिसोमा’ म्हणजे मी वाचले, ‘नितासोमा’ म्हणजे मी वाचेन. अरबी ‘किताब’ हा शब्द तिथे ‘किताबु’ होऊन गेला. स्वाहिलीत अनेक नामांच्या आरंभी एकवचनासाठी ‘कि’ आणि अनेकवचनासाठी ‘वि’ येतो, म्हणून बोलणाऱ्यांनी ‘किताबु’तला ‘कि’ हा तसाच एक तुकडा मानला आणि पुस्तके या अर्थी ‘विताबु’ असा शब्द केला. आपणही किताब म्हणतो, पण त्यातला ‘कि’ सुटा निघू शकतो असे आपल्या मनात येत नाही, कारण आपली भाषा त्या जागी सांधा पाहत नाही. ऐकणाऱ्याच्या मनात तुकड्यांची चौकट आधीच असते, हे मला या एका शब्दाने जितके समजले तितके इतर कशाने समजले नाही.

वर्गाचा उपयोग झाला का, हा प्रश्न मला पेठेत अनेकांनी विचारला. उत्तरादाखल दहाव्या आठवड्यातला एक प्रसंग सांगतो. अथणीकडचे एक शेतकरी पोती उतरवून बसले होते. त्यांनी हळद शिजवून, वाळवून आणली होती, पण तिला पॉलिश करून घेतले आहे का हे मला विचारायचे होते. ‘केले का’ आणि ‘करून घेतले का’ यांत फरक आहे, कारण पॉलिशचे यंत्र बहुतेकजण भाड्याने बोलावतात. मी मनातल्या मनात पट्ट्या मांडल्या: ‘माड्’ करणे, ‘इस्’ दुसऱ्याकडून, ‘इद्’ झालेला काळ, ‘इरि’ तुम्ही, आणि प्रश्नाचा ‘आ’. ‘पॉलिश माडिसिदिरा?’ हा शब्द मी कुणाच्या तोंडून ऐकलेला नव्हता. ते लगेच म्हणाले, ‘हौद्रि,’ आणि पोत्यात हात घालून हळकुंडांची ओंजळ माझ्यापुढे धरली.

त्या ‘हौद्रि’ने माझी तिसरी तक्रार तयार झाली. पुस्तिकेत होकारासाठी ‘हौदु’ आहे, ‘हौद्रि’ नाही. पुस्तकी कन्नड आणि आमच्या पेठेत येणारी उत्तर कर्नाटकाची बोली यांत अंतर आहे, आणि सांगलीत शिकणाऱ्याला गरज दुसरीची अधिक आहे. मी पुढच्या तासाला हे बाईंसमोर मांडले. त्या हसल्या, एक कोरी लग्नपत्रिका घेतली, एक पट्टी कापली आणि तिच्यावर स्वतःच्या हाताने ‘रि’ लिहिले. हा आदराचा तुकडा, म्हणाल्या, ‘हौदु’ला लावा, हौद्रि, ‘इल्ल’ला लावा, इल्रि, ‘बा’ म्हणजे ये, त्याच क्रियापदाला लावा, बर्रि. वीस वर्षे मी ‘बर्रि’ म्हणत आलो आणि त्यात ‘या’ इतकेच ऐकत आलो. त्यातला आदर वेगळा काढून तळहातावर ठेवता येतो हे मला त्या क्षणी कळले. आमच्या माणसांची बोली पुस्तकात घालायला मला संकोच वाटला होता, असेही त्या म्हणाल्या. हा संकोच त्यांनी सोडावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

व्यवस्थेबद्दल थोडक्यात. माडीचा जिना अरुंद आणि चढा आहे, वयस्कांना तो जड जाईल. दिवा एकच असल्याने मेजाच्या कडेला बसणाऱ्याला हिरवी आणि निळी पट्टी ओळखू येत नाही. वेळ मात्र काटेकोर पाळली जाते आणि बुडालेला तास भरून दिला जातो. ज्यांना केवळ प्रवासापुरती चार वाक्ये हवी आहेत त्यांनी हा वर्ग घेऊ नये, कारण पहिले पूर्ण वाक्य तिसऱ्या आठवड्यात येते. रुग्णालयात, शाळेत, बँकेत किंवा पेठेत जतकडच्या आणि सीमेपलीकडच्या माणसांशी ज्यांचा रोजचा संबंध आहे, त्यांनी मात्र जरूर यावे.

माझ्या पुस्तिकेत जिथे जिथे ए आणि ओ दीर्घ हवा होता तिथे मी तांबड्या शाईने आडवी रेघ मारली आहे आणि ती प्रत शेवटच्या दिवशी बाईंकडे ठेवून आलो आहे. पुढची तुकडी दिवाळीनंतर सुरू होते आहे. पुस्तिका तोवर नव्याने छापून होणार नाही, पण दुरुस्त केलेली पाने जोडून देऊ, आणि ‘रि’ची पट्टी पहिल्या दिवसापासून प्रत्येकाच्या गठ्ठ्यात असेल, असे त्यांनी सांगितले आहे.